उभं राहायची परवानगी

त्या हॉलमध्ये आता टाइल्सचं दुकान आहे.

फिलूताईला बाथरूमसाठी फरश्या बघायच्या होत्या, म्हणून शनिवारी आम्ही दोघी गेलो. बाहेरून सगळं बदललेलं, त्यामुळे गाडी लावून उतरले तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं. दारातून आत पाऊल टाकलं आणि पाय आपोआप डावीकडे भिंतीला लागून थांबले. पूर्वी मी तिथेच उभी राहायचे. मग मी वास शोधला. जुन्या गालिच्यात मुरलेली बिअर, लाकडाचं पॉलिश, ओले कोट, आणि या सगळ्यावर सॅनिटायझरचा थंड, नाकात चढणारा वास. त्यातलं काहीच राहिलं नव्हतं. सिमेंटचा आणि नव्या पुठ्ठ्यांचा कोरडा वास होता. स्टेज मात्र तसंच ठेवलंय. त्यावर तीन बाथटब मांडलेत.

फिलूताई म्हणजे फिलोमिना. मूळची वसईची. शिकायला म्हणून ॲडलेडला आली आणि इथलीच झाली. मॉसन लेक्समध्ये तिचं घर आहे, आणि मी युनिमध्ये असताना तिच्या घरातल्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे.

"अगं, ही ग्रे बरी की ही ऑफ-व्हाइट?" तिने विचारलं.

मी स्टेजकडेच बघत होते, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मग स्टेजकडे.

"हेच ना ते?"

"हो."

मग ती ग्रे फरशीवर बोट फिरवत राहिली.

हे मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. काय सांगण्याजोगं आणि काय नाही, हे ठरवायला घरात आधीचं कुणी नव्हतं, त्यामुळे ती सवय अजून लागलेली नाही.

मी आले तेव्हा फेब्रुवारीतला उन्हाळा होता. घराजवळच्या तळ्याकाठच्या गवताला वाळक्या पेंढ्यासारखा वास यायचा, आणि निलगिरीची सालं वाटेवर पडून पायाखाली पापडासारखी मोडायची. युनिच्या आवारात जागोजागी आपली मुलं घोळक्याने उभी असायची. हिंदी, तेलुगू, पंजाबी, मधेच एखादा मराठी शब्द. मग काही आठवड्यांत ते घोळके विरले. लायब्ररीतल्या खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या. बस यायची, थांबायची, दार उघडायचं, कुणी चढायचं नाही, दार मिटायचं आणि बस जायची. त्या दाराचा उसासा मला अजून ऐकू येतो. तळ्यावर बदकं मात्र वाढली होती. माणसं नसल्यामुळे ती थेट रस्त्याच्या मधोमध येऊन बसायची.

मी ज्या कॅफेत काम करत होते तो बंद झाला. बऱ्याच महिन्यांनी थोडंथोडं उघडायला लागलं तेव्हा या हॉलमध्ये काम मिळालं, कोविड मार्शलचं. म्हणजे लोक एकमेकांपासून अंतर ठेवून बसलेत ना, दारावरचा कोड स्कॅन करून आलेत ना, उभं राहून पीत नाहीत ना, नाचत नाहीत ना, हे बघणारं माणूस. अंगात भडक केशरी बंडी. हॉल गाण्याचा होता. मोठी नावं तिथे येत नसत. स्वतःची गाणी स्वतः लिहून, स्वतःच स्पीकर उचलून आणणारी माणसं यायची. बाहेरून कलाकार येणं बंद झाल्यामुळे त्यांना त्या काळात तारखा मिळायला लागल्या होत्या, पण ऐकणाऱ्यांना खुर्चीतून उठायला बंदी.

एकदा एक म्हातारा गोरा माणूस खुर्चीत बसल्याबसल्या गुडघे हलवत होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "हे नाचणं झालं का, डार्ल?" हॉलचा मॅनेजर मार्क लांबून ओरडला, "गुडघ्यापर्यंत चालतं, मेट!" सगळे हसले.

हे मी आप्पांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते खोकला येईपर्यंत हसले होते.

"म्हंजे लोकांनी नाचू नये म्हणून तुला पगार?"

"तसंच काहीतरी."

"बघ गं पोरी. बापानं जन्मभर लोकांना नाचवलं, आन् लेक तिकडं बसवती."

आप्पा हलगी वाजवायचे. सांगलीकडचं आमचं गाव. लग्न असो, जत्रा असो, कुस्त्यांचं मैदान असो, आप्पांच्या हलगीशिवाय सुरुवात होत नसे. वाजवण्याआधी ते वाळकं गवत पेटवायचे आणि हलगीचं कातडं त्या जाळावर धरायचे, फिरवायचे, बोटाने टिचकी मारून बघायचे. तापत जाईल तसा आवाज चढायचा. आधी भिजल्या पोत्यासारखा, मग लाकडासारखा, मग एकदम टणकन्. जळक्या गवताचा आणि तापल्या कातड्याचा तो वास त्यांच्या सदऱ्याला, मिशीला कायम असायचा. शाळेत त्या वासावरून मी काय ऐकलं ते इथे लिहीत नाही.

गावात कुणी गेलं तरी बोलावणं आप्पांनाच यायचं. त्या दिवशी ते न जेवता निघायचे. येताना बाहेरच्या बाहेर बादलीभर पाण्याने अंघोळ करायचे आणि हलगी आत न आणता गोठ्याच्या खुंटीला टांगायचे. आम्ही मुलं तेव्हा घरात कोंडलेली असायचो. लग्नातली हलगी मला पाठ होती, कुस्तीतली पाठ होती. मयताची कधी जवळून ऐकली नाही. एकदा मी विचारलं होतं, मेलेल्या माणसापुढं वाजवायचं कशाला, त्याला ऐकू थोडंच येतं? आप्पा टिपरू पुसत होते. टिपरू म्हणजे हलगी वाजवायची जाडी काठी. ते म्हणाले, "त्यालाच तर ऐकू यायला पायजे. न्हाईतर त्याला कळायचं कसं, आता निघायचंय म्हणून? घरातच घोटाळत बसंल बिचारं."

मला मात्र त्यांनी हलगीला हात लावू दिला नाही. मुलगी म्हणून तर नाहीच, पण खरं कारण ते नव्हतं. "तुझ्या हातात पेन. हे माझ्यापाशी संपू दे," म्हणायचे. ते संपावं म्हणून त्यांनी मला शिकवलं, आणि ते संपावं म्हणून मीही शिकले. त्यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही.

आप्पा गेले तेव्हा तिकडे उन्हाचा कडाका होता आणि इथे थंडी सुरू होत होती. विमानं बंद होती. तालुक्याच्या कोविड सेंटरमध्ये त्यांना दाखल केलं होतं, तिथेच गेले आणि तिथूनच परस्पर स्मशानात नेलं. आईला घराबाहेर पडता येत नव्हतं, तिचाही रिपोर्ट आलेला. माझा चुलतभाऊ संजूदादा तेवढा जाऊ शकला. तो आप्पांची हलगी पोत्यात गुंडाळून घेऊन गेला होता. फाटकावरच्या माणसाने ते पोतं बघितलं आणि हात वर करून त्याला लांबच थांबवलं. काही बोललासुद्धा नाही, फक्त हात.

मी तेव्हा तळ्याकाठी होते. घरात भिंती पातळ, म्हणून फोन घेऊन बाहेर पडले होते. संजूदादाने व्हिडिओ लावला. तारेचं कुंपण दिसलं, त्यापलीकडे पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं, आणि धूर. आवाज फक्त वाऱ्याचा. फोनमध्ये वारा शिरला की फडक्यासारखा फडफडतो, तसा. माझ्या पायाशी बदकं येऊन उभी राहिली होती, काही खायला मिळेल म्हणून.

मी गावी असते तरी मला स्मशानात नेलं नसतंच. हे मला कळत होतं. तरीही त्यानंतरचे महिने मला एकच वाटत राहिलं. आप्पांना अजून कुणी सांगितलंच नाहीये. ते त्या फाटकापाशी कुठेतरी बसलेत, सदऱ्याचं बटण चाळवत, आणि हलगीची वाट बघतायत. लेक्चरमध्ये, ट्रेनमध्ये, भांडी घासताना, कधीही हे मनात यायचं. मी कुणाला बोलले नाही. शिकलेल्या मुलीने असं काही बोलावं का, तेही मला कळत नव्हतं.

मग तो कार्यक्रम आला.

दाराबाहेरच्या पाटीवर 'कोलंबियाची लोकगाणी आणि आपले स्वतंत्र कलाकार' अशा अर्थाचं काहीतरी रंगीत खडूंनी लिहिलं होतं, आणि पावसाच्या शिंतोड्यांनी त्यातला निळा रंग खाली ओघळला होता. नुकताच एक लॉकडाऊन उठला होता. नियम आधीपेक्षा कडक झाले होते. सगळ्यांनी मास्क लावायचे, बसूनच राहायचं, नाचायचं नाही, आणि ऐकणाऱ्यांनी गायचंही नाही.

दुपारी मी लवकर गेले तर आत जळकट, ओळखीचा वास. गॅसच्या हीटरपुढे एक बाई मांडी घालून बसली होती आणि एक लांबुळका, खाली निमुळता होत गेलेला ढोल हीटरच्या झळीवर धरून फिरवत होती. मधेच बोटाने टिचकी मारून कान लावत होती.

"हे चालतं ना?" तिने मला विचारलं. माझी केशरी बंडी बघून घाबरली असावी. "तुमच्या थंडीत कातडं झोपतं."

"माझे वडील गवत पेटवायचे," मी म्हणाले. का म्हणाले, ठाऊक नाही. तिने मान वर केली.

"वाजवतात?"

"वाजवायचे."

तिचं इंग्रजी माझ्यासारखंच अडखळत होतं, पण तेवढ्या फरकाने तिला कळलं. तिने ढोल मांडीवर आडवा ठेवला आणि बाजूची खुर्ची पुढे सरकवली.

योलांडा तिचं नाव. दिवसा ऑफिसं साफ करायची, रात्री इंग्रजीचा क्लास, आणि चार जणांचा हा गट. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचं तिचं गाव, तिथे रस्ता जात नाही, नदीनेच जायचं. घरं खांबांवर, खालून पाणी. तिकडे माणूस गेलं की नऊ रात्री सगळं गाव त्या घरी बसतं. कॉफी, दारू, सोंगट्यांचा खेळ, आणि बायका गातात. "मेलेल्यांची गाणी बायकाच गातात," ती म्हणाली. "पुरुषांना ते जमत नाही. त्यांना रडू येतं." नवव्या रात्री मेणबत्त्या विझवतात, मांडलेलं सगळं उतरवतात, दार उघडतात. लोक उठून बाजूला होतात, मधे वाट करून देतात. मग माणूस जातं.

"माझी आई गेली," ती म्हणाली. "आज नववी रात्र."

"मग कार्यक्रम पुढे का नाही ढकलला?"

"आणि कुठे जाऊ?" तिने मलाच विचारलं. "आठ रात्री मी माझ्या खोलीत गायले. हळू. शेजारच्या खोलीतली मुलगी पहाटेच्या शिफ्टला जाते, तिची झोप मोडू नये म्हणून. एकटीने नववी रात्र होत नाही. माणसं लागतात. इथे आज माणसं आहेत." मग माझ्या बंडीकडे बघत म्हणाली, "एकच गाणं. शेवटचं. तेवढ्यापुरतं त्यांना उभं राहू दे."

मी मार्ककडे गेले. मार्क वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं, टोपी काढली, परत घातली. "तिला सांग, मला फार वाईट वाटतं. खरंच. पण तपासायला कुणी आलं आणि सगळा हॉल उभा दिसला, तर ते मयताला उभे आहेत की नाचायला, हे मी कसं पटवू? परवाना गेला तर पुढच्या महिन्यापासून या हॉलमध्ये कुणीच गाणार नाही."

त्याचंही बरोबर होतं. त्या दिवसांत सगळ्यांचंच बरोबर असायचं.

मीच जाऊन योलांडाला नाही म्हणून सांगितलं. तिने वाद घातला नाही. "तू कुठे असशील?" एवढंच विचारलं.

"दारापाशी. उभी."

"तुला चालतं?"

"माझं कामच ते."

"बरं," ती म्हणाली, आणि ढोल उचलून परत हीटरपुढे गेली.

संध्याकाळी लोक आले. कोलंबियातली मुलंमुली, बहुतेक विद्यार्थी, काही नर्सच्या पोशाखात थेट ड्यूटीवरून आलेल्या. थोडे गोरे. फिलूताई तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसली. मला परतीची बस नसायची म्हणून ती न्यायला यायचीच, त्या दिवशी म्हणाली, बाहेर गाडीत गारठण्यापेक्षा आत बसते. पहिल्या भागात एका मुलाने गिटारवर स्वतःची गाणी म्हटली, बंद पडलेल्या एअरपोर्टविषयी एक होतं. एका मुलीने स्वतःचाच आवाज यंत्रात भरून त्यावर पुन्हा गायलं. टाळ्या पडल्या, पण मास्कच्या मागून हसू पोचत नाही, त्यामुळे बिचाऱ्यांना कळत नव्हतं की आवडलं की नाही.

मग योलांडाचा गट आला. त्यांच्यातल्या एकाने लाकडी पट्ट्यांच्या मरिंबावर काठ्या टाकल्या आणि हॉलखालून पाणी वाहायला लागलं. मला दुसरा शब्द सापडत नाही. त्यावर ते उबेला धरलेले ढोल. आणि बांबूच्या नळकांड्यात बिया घालून केलेला खुळखुळा, त्याची सर यायची आणि जायची. खुर्च्या करकरायला लागल्या. तिकडे या गाण्यावर रुमाल हलवत नाचतात म्हणे. इथे लोकांनी बसल्याजागी खिशातून रुमाल काढले, ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी पेपर नॅपकिन. रुमालाला बंदी नव्हती. कमरेखाली सगळा हॉल दगडासारखा आणि वर नुसतं पांढरं पांढरं हलत होतं. मी भिंतीशी उभी राहून ते बघत होते, आणि आप्पांनी हे बघितलं असतं तर काय म्हणाले असते, ते मला त्यांच्याच आवाजात ऐकू येत होतं.

शेवटी वाद्यं बाजूला ठेवली. एका टेबलावर पांढरं कापड, एका बाईचा फोटो, आणि बॅटरीवरच्या मेणबत्त्या, कारण खऱ्या ज्योतीला हॉलमध्ये परवानगी नव्हती. योलांडाने स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं सांगितली. हॉल गप्प झाला. ज्यांना भाषा येत नव्हती तेही.

ती गायला लागली. ढोल नाही, मरिंबा नाही, नुसता गळा. गोड नव्हता तो आवाज. लाकूड चिरताना करवत अडकते तसा मधेच अडकायचा आणि पुन्हा सुटायचा. ती एक ओळ म्हणायची आणि थांबायची. ती थांबण्याची जागा लोकांची होती, त्यांनी उत्तर द्यायचं असतं. पहिल्यांदा कुणी काही बोललं नाही. ती रिकामी जागा फार वाईट होती. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा कुठूनतरी, खूप खालून, घुमल्यासारखं काहीतरी आलं. मग वाढलं. मी रांगांवरून नजर फिरवली. मास्कच्या आत कोण गुणगुणतंय ते दिसत नव्हतं, आणि जे दिसत नाही ते मला थांबवता येत नव्हतं.

एकेक मेणबत्ती ती खालचं बटण दाबून बंद करत होती. शेवटची राहिली तेव्हा पुढच्या रांगेतला एक पोक्त माणूस खुर्चीच्या हातावर भार देऊन उठायला लागला. त्याच्यामागे आणखी दोघी. ते उठता उठता माझ्याकडे बघत होते.

माझा हात वर गेला. पंजा खाली, बसा. मी काही बोलले नाही.

तो माणूस बसला. दोघीही बसल्या.

हात खाली आणताना मला तो फाटकावरचा माणूस आठवला. त्याचा चेहरा मी पाहिलेला नाही, संजूदादाने नुसतं सांगितलं होतं. आजवर मी त्याला मनात काय काय बोलले होते. त्यालाही कुणीतरी एखादी बंडी दिली असेल. घरी गेल्यावर तोही हात धूत बसला असेल.

योलांडाने गाणं थांबवलं नव्हतं, पण ती आता माझ्याकडे बघत होती. ओळ संपवून ती माइकपासून दूर झाली आणि इंग्रजीत, हळू, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तिला परवानगी आहे. आज ती आपल्या सगळ्यांच्या वतीने उभी आहे." मग मला, "दार उघड."

मी मार्ककडे पाहिलं. तो बारमागे ग्लास पुसत होता. त्याने मान खाली घातली आणि पुसत राहिला.

मी दार उघडलं. दोन्ही कवाडं. बाहेरून गार हवा आली, ओल्या डांबराचा आणि कुठेतरी फुललेल्या वॅटलचा वास घेऊन. मी वाटेतून बाजूला सरकले, भिंतीला पाठ टेकून. लोकांनी बसल्याजागी पाय आत ओढून घेतले, पिशव्या खुर्च्यांखाली सरकवल्या. मधला रस्ता रुंद झाला. सगळ्या माना हळूहळू स्टेजकडून दाराकडे वळल्या, कुणीतरी चालत जाताना वळाव्यात तशा, आणि मला शपथेवर सांगता येईल की त्या एकाच वेगाने वळल्या.

मी उभी होते. आयुष्यात इतकी नीट मी कधीच उभी राहिलेली नाही. एवढं दार उघडलंय तर, मला वाटलं, आप्पांनाही सांगावं. आताच, निघायचंय म्हणून. माझी बोटं मांडीवर वाजायला लागली, आणि वाजली ती वरातीची हलगी. मला तेवढीच येत होती. एका मेलेल्या आईच्या वाटेवर उभी राहून मी मांडीवर वरात वाजवत होते. मी मूठ आवळली. योलांडाच्या आईला निघायला सांगणारी तिची मुलगी होती. माझ्याजवळ काहीच नव्हतं.

परतताना गाडीत हीटर लावूनही काच धुरकट व्हायची, फिलूताई हाताने पुसायची.

"आमच्याकडे पण असतं गं," ती म्हणाली. "घरी जमून प्रार्थना करतात, नऊ दिवस रोझरी. लहानपणी मला कंटाळा यायचा, झोप यायची." मग सिग्नलला थांबून म्हणाली, "मी पण म्हटलं मघाशी. तुझ्या आप्पांसाठी पण."

"तुला कुठे स्पॅनिश येतं?"

"मराठीतच म्हटलं. मास्कमध्ये कोण बघतंय. चिरविश्रांती दे, म्हटलं." सिग्नल हिरवा झाला. "चाललं ना?"

"चाललं," मी म्हणाले. माझे आप्पा देव मानत नसत, तो त्यांनी कधीच सोडून दिला होता. पण ती चुकली असं मी कसं म्हणू?

त्यानंतर तो हॉल फार टिकला नाही. पुन्हा बंद, पुन्हा उघडा, आणि मग एकदाचा विकला गेला. योलांडा दुसऱ्या शहरात गेली असं ऐकलं. ती मुलं, ते पेपर नॅपकिन हलवणारे हात, तो गुडघे नाचवणारा म्हातारा, कुणीच पुन्हा भेटलं नाही. त्या काळात माणसं अशीच भेटायची, डोळ्यांपुरती. आज रस्त्यात समोर आली तर पूर्ण चेहऱ्यांनिशी मला ओळखू येणार नाहीत. फिलूताईने शेवटी ऑफ-व्हाइट घेतली. बिल करायला ती पुढे गेली तेव्हा मी बाथटबांसमोर थोडी थांबले. विक्रेत्या मुलाने विचारलं, काही मदत हवी का. नो वरीज, म्हटलं.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला फोन केला होता. तिकडे सकाळ होती. भांड्यांचा आवाज येत होता.

"जेवलीस का?"

"हो. आई, मयताला आप्पा कसं वाजवायचे गं?"

भांडी थांबली.

"आता ते कशाला काढतीस?"

"सांग ना."

"मला काय म्हाईत? आमी बाया घरी. संजूला इचार."

"त्याला विचारलं. त्याला लग्नाचंच येतं. म्हणाला, आप्पांनी मयताचं कुणाला शिकवलंच नाही."

"न्हाईच शिकवलं," आई म्हणाली. "म्हणायचे, हे काम कुणाच्या हातात द्यायचं न्हाई." तिने एक भांडं बाजूला सरकवलं. "आता कुणालाच येत न्हाई मग ते."

"तू ऐकलंयस ना पण. इतकी वर्षं."

"लांबनं. दारातनं."

"तेवढंच सांग."

तिने सुस्कारा टाकला. वाटलं, फोन ठेवणार. पण काहीतरी ओट्यावर उपडं पडल्याचा आवाज आला, बहुतेक परात. मग तिने उलथन्याच्या दांड्याने सुरुवात केली. एक ठोका. मग जवळजवळ दोन. मग इतकी मोठी जागा, की आता पुढचा येत नाही असं वाटावं, आणि तेवढ्यात पुन्हा एक. त्यात नाचण्यासारखं काही नव्हतं. ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाची पावलं असतात तसं.

ते हळूहळू बारीक होत गेलं. मी फोन कानावर दाबला.

"आई, आवाज कमी येतोय. नेटवर्क गेलं का?"

"न्हाई," ती वाजवता वाजवताच म्हणाली. "असंच यायचं ते. वेशीपतुर नीट. मग ओढ्यात उतरली मंडळी की कमी, कमी. त्याच्या पुढचं म्या कधी ऐकलंच न्हाई."

ती थांबली नाही. ठोके आणखी हलके झाले. मग दांडा परातीला नुसता टेकत होता. मग तेही मला ऐकू येईना. तिचा श्वास तेवढा येत होता, आणि तिच्यामागे कुठेतरी कोंबड्या. मी वाट बघत राहिले. तीही बघत असावी.

"गेले," आई म्हणाली.